माळरानावरील निवारा

सोलापूर म्हटले म्हणजे श्रीसिद्धेश्वराचे तळ्यातील देवालय, त्याच्या शेजारचा भुईकोट किल्ला, हातमागावरील चादरी आणि एके काळी आकाशात धूर सोडणारी गिरण्यांची धुराडी एवढ्याच गोष्टी बहुधा मनासमोर उभ्या राहतात. जुन्या वस्तीतील घरे पाहिली तर जाडजूड भिंतींची, वर मातीचे माळवद घातलेली. परंतु शहराच्या वेशीबाहेर कोणत्याही दिशेने दोन-चार कोस चालून गेले की उघडे माळरान लागते, आणि या माळावर शेकडो वर्षे एक निराळेच घर उभे राहत व मोडत आले आहे. त्याला पाया नाही, चौकट नाही, कुलूप नाही. त्याचे आयुष्य कधी एका रात्रीचे, कधी एका सुगीचे, फार तर दोन-चार पावसाळ्यांचे. दगडावर शिलालेख राहतो, तांब्यावर दानपत्र राहते. काडीवर व गवतावर काहीच राहत नाही. म्हणून इतिहासकाराने या घराची दखल फारशी घेतली नाही. तथापि गेल्या दीडशे वर्षांत या जिल्ह्यावर जी मोठी संकटे आली, त्यांची हकिगत या काडीच्या घरावाचून पुरी होत नाही.

प्रथम भूमीचा विचार करू. भीमा, सीना, माण व नीरा या नद्यांच्या काठाने काळी कसदार जमीन आहे. मधला उंचवटा मुरमाड. पाऊस थोडा, आणि त्याचाही भरवसा नाही. कोकणातल्यासारखे माड-पोफळी येथे नाहीत, की सह्याद्रीतल्यासारखे सागवान नाही. बाभूळ, हिवर, बोर व कडुलिंब ही येथली झाडे. ओढ्याच्या काठी क्वचित शिंदी. माळावर कुसळी, पवन्या इत्यादी गवते. आणि शेतात ज्वारी. रब्बीची ज्वारी हे या जिल्ह्याचे मुख्य धान्य. तिचे कणीस खुडल्यावर जी उंच ताटे उरतात तो कडबा. जनावराचे वर्षाचे पोट त्यावर चालते, आणि गरज पडल्यास माणसाची भिंतही त्याचीच होते. निवाऱ्याचे सामान दुकानातून आणावयाचे नाही, पायाखाली व हाताशी जे आहे त्यातूनच निवडावयाचे, हा या घराचा पहिला नियम होय.

या निवाऱ्याच्याही अनेक पायऱ्या आहेत. सर्वांत लहान पायरी म्हणजे धनगराची घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी अंगावर असली की मेंढपाळाचे घर त्याच्याबरोबर चालते. पाऊस आला की तिची खोळ करून तो डोक्यावरून घेतो. लोकर भिजण्यास वेळ लागतो, व भिजली तरी तिच्यातील ऊब एकदम जात नाही. सांगोला व मंगळवेढा या तालुक्यांत मेंढपाळांची वस्ती मोठी; हुलजंतीच्या महालिंगरायाच्या यात्रेस दिवाळीत त्यांचा मोठा मेळा भरतो. चाऱ्यासाठी फिरताना मेंढ्यांचा वाडा ज्या शेतात बसतो, तेथे खुंट्या रोवून दोरीच्या जाळीची वाघर भोवती लावतात. आत मेंढरे, बाहेर कुत्री, आणि कडेला माणसाचे पाल. दोन काठ्या, एक आडवी काठी व तिच्यावर टाकलेले कापड किंवा घोंगडी, एवढाच त्या पालाचा संसार. शेताच्या मालकास मेंढ्यांचे खत मिळते, मेंढपाळास धान्य मिळते, आणि पाल पुढच्या शेतात जाते.

दुसरी पायरी राखणीच्या माळ्याची. ज्वारी निसवून दाणा भरू लागला की पाखरांचे थवे उतरतात. तेव्हा शेताच्या मध्यभागी चार खांब रोवून पुरुषभर उंचीवर फळ्यांचा किंवा काठ्यांचा तळ बांधतात, त्यावर कडब्याचा आडोसा करतात. राखणदार हातात गोफण घेऊन दिवसभर त्यावर उभा राहतो व रात्री तेथेच निजतो. जमिनीपासून उंच असल्यामुळे साप-विंचवाचे भय कमी, आणि चहूकडे नजर फिरते. सुगी संपली की माळा मोडतो. त्याचे खांब घरी जातात व आडोशाचा कडबा बैलापुढे.

तिसरी पायरी खोपीची, आणि कारागिरी खरी येथे दिसते. सुगरण पक्ष्याच्या घरट्यास आपण खोपा म्हणतो. खोप हा त्याचाच सोयरा शब्द. खोप बांधणारा प्रथम जागा पाहतो. ओढ्याचे पात्र नको, कारण वरच्या अंगाला पडलेला पाऊस रात्री न सांगता येतो. अगदी टेकाडाचा माथाही नको, कारण तेथे वारा आवरत नाही. किंचित उताराची, मुरमाची, पाणी न साचणारी जागा तो निवडतो. पावसाळी वारा पश्चिमेकडचा, म्हणून दार बहुधा पूर्वेस.

मग वरच्या टोकास बेचके असलेल्या दोन मेढी हात-दीड हात खोल पुरावयाच्या. बाभळीचे किंवा कडुलिंबाचे लाकूड असल्यास उत्तम. पुरावयाचे टोक आधी विस्तवावर करपवून घेतात. कोळसा झालेल्या लाकडास वाळवी लवकर लागत नाही. दोन्ही बेचक्यांवर आढे ठेवावयाचे, आढ्यापासून दोहों बाजूंस वासे सोडावयाचे, आणि वाशांवर आडव्या कामट्या किंवा तुरीच्या काड्या जवळजवळ बांधावयाच्या. बांधण्यास खिळा लागत नाही. अंबाडीचा वाख किंवा घायपाताचा दोर पुरतो. दोराची गाठ वाऱ्याबरोबर थोडी सैल-घट्ट होते, पण तुटत नाही. लाकडाला वाकू द्यावे आणि गाठीला हलू द्यावे, हे या बांधणीचे मर्म आहे.

शाकारणी नेहमी खालून वर करीत जावी लागते. वळचणीची पेंढी प्रथम, तिच्यावर दुसरी, अशा रीतीने प्रत्येक वरची ओळ खालच्या ओळीवर निम्म्याहून अधिक चढवावयाची. माशाच्या खवल्यांप्रमाणे ही रचना झाली की पावसाचा थेंब एका काडीवरून दुसरीवर उतरत पागोळीला येतो. आत शिरण्यास त्याला वाट सापडत नाही. छपराचा उतार मात्र चांगला तीव्र हवा. उतार मंद झाला तर पाणी रेंगाळते, गवत कुजते व घर गळते. आढ्यावर दोन्ही बाजूंनी येणारी गवताची जाड वेणी बसवितात, कारण सर्व छपरात गळण्याची पहिली जागा तीच. भिंतीस तुराट्यांचा किंवा पळाट्यांचा कूड. थंडी असल्यास त्याला शेणामातीचा गिलावा, उन्हाळा असल्यास तो तसाच मोकळा. सभोवती वीतभर खोल चर खणून त्याचे तोंड उताराकडे काढले की खोप पुरी झाली. दोन माणसे सामान जवळ असल्यास एका दिवसात ती उभी करतात.

अशा घरात दोष नाहीत असे नव्हे. ठिणगी पडली की घटकेत राख होते. वाळवी लागते, उंदीर नव्हे तरी विंचू शिरतो, वळिवाचे वादळ कधी छप्परच उचलून नेते. परंतु ते उडाले तरी खाली माणूस चिरडत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच हातांनी पुन्हा उभे राहते. पक्क्या घराचे सामर्थ्य न पडण्यात, तर खोपीचे सामर्थ्य पडून पुन्हा उठण्यात असते.

या घराची पहिली मोठी कसोटी १८७६ साली लागली. त्या वर्षी पाऊस फिरकला नाही, आणि दख्खनवर जो दुष्काळ कोसळला त्यात सोलापूर जिल्हा अगदी मध्यभागी सापडला. कडबा संपला, माळावरील गवत संपले. तेव्हा गुरे जगविण्यासाठी छपरावरील जुने गवत उतरवून त्यांच्यापुढे टाकण्याची पाळी कुणब्यावर आली. घर गुरांनी खाल्ले आणि तरीही गुरे वाचली नाहीत. सरकारने तलाव, कालवे व रस्ते यांची दुष्काळी कामे काढली. आष्टीच्या तलावाचे काम त्या काळचेच. कामावर येणाऱ्याने गाव सोडून कामाच्या जागीच राहावे, असा आग्रह धरण्यात आला. खरोखर गरजू कोण हे त्यावरून ठरेल असा हिशेब होता. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरी उतरून दिवसास एक पौंड धान्य व वर अर्धा आणा इतकी खाली आली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध तक्रारी केल्या. कामाच्या जागी ज्या झोपड्या उभ्या राहिल्या, त्यांचा आकार शेतातल्या खोपीसारखाच होता. पण त्यात निजणाऱ्याने ती जागा निवडलेली नव्हती. निवारा आणि छावणी यांतील हा भेद पुढेही पुन्हा पुन्हा दिसतो.

दुसरी कसोटी आली ती शहरवासीयांवर. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात प्लेग प्रकट झाला, आणि आगगाडीच्या वाटेने तो दख्खनच्या गावोगाव पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरझडत्या, सक्तीने रुग्णालयात नेणे, सामानाची होळी या प्रकारांनी पुण्यात जो क्षोभ उसळला त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रँडवरील गोळीबारात झाला, हे सर्वश्रुत आहे. सोलापूरही या रोगाच्या तडाख्यातून सुटले नाही. १९०१ च्या खानेसुमारीत या शहराची वस्ती ७५,२८८ होती. चिंचोळे बोळ, घरातच धान्याची कणगी, घरातच माग, अशी दाट वस्ती रोगास फारच सोयीची होती.

घरात उंदीर पडले, की घर सोडावयाचे, हे शिक्षण लोकांना अनुभवाने मिळाले. गाव ओस पडे आणि गावाबाहेरच्या शेतांत व माळावर झोपड्यांच्या ओळी उठत. वकील, व्यापारी, शिक्षक, गिरणीकामगार, सर्वांनाच बांबूच्या तट्ट्या, गवत, कडबा व काथ्याची दोरी यांचा आश्रय करावा लागला. ज्यांच्या सात पिढ्यांनी माळवदाखाली झोप घेतली होती त्यांना वासा कोणत्या अंगाला बांधावा हेही ठाऊक नव्हते. ते ज्ञान गावकुसाबाहेरच्या माणसाजवळ होते. तट्ट्या विणणारा कैकाडी, लाकूड तोडून आणणारा मजूर, गवत शाकारणारा शेतकरी यांच्या हातांवर त्या दिवसांत नगरवासी संसार उभे राहिले. सर्वांत कठीण स्थिती विणकराची. त्याचा खड्ड्याचा माग जमिनीत रोवलेला. तो पाठीवर घेऊन माळावर जाता येत नाही. घर सोडावे तर पोट बुडते, न सोडावे तर जीव जातो, अशा पेचात तो सापडला.

झोपडीत गेल्याने माणूस का वाचतो, याचा उलगडा विज्ञानाने मागाहून केला. १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधून काढला होता. १८९८ साली कराची येथे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग वाहून नेते असे दाखविले; परंतु त्यावर विश्वास बसण्यास पुष्कळ काळ जावा लागला. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनी ती गोष्ट पक्की ठरली. मेलेल्या उंदराचे अंग थंड पडले की पिसू दुसरे रक्त शोधते, आणि घरात तेव्हा माणूसच असतो. जाड भिंतीतील बिळे, माळवदाच्या सांदी, कणगीतील धान्य, ही उंदराची खरी घरे. माळावरच्या उघड्या झोपडीत नवी जमीन, चहूकडून ऊन-वारा आणि घरात साठवण अगदी थोडी. उंदराने तेथे राहावे कशासाठी? ज्या उणेपणाबद्दल खोपीला हिणविले जाई, तोच उणेपणा त्या वर्षांत औषध ठरला. हाफकिन यांची लस १८९७ पासून मिळू लागली होती, परंतु लस टोचून घेण्यास भिणाऱ्या असंख्य कुटुंबांना माळानेच तारले.

येथपर्यंतची गोष्ट कृतज्ञतेची आहे. पुढची नाही. प्लेगच्या झोपड्या ज्या पिढीच्या स्मरणात ताज्या होत्या, त्याच पिढीच्या डोळ्यांदेखत पालात राहणाऱ्या माणसावर कायद्याचा हात पडला. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. या कायद्याखाली जमातीची नोंद झाली की जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरे. एका ठिकाणी न राहणे हाच मोठा पुरावा. कैकाडी, पारधी, भामटा इत्यादी जमातींची कुटुंबे पालांतून उठवून सोलापुरात तारेच्या कुंपणाआड बसविण्यात आली. ही सोलापूरची सेटलमेंट मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी होती. काही काळ तिची देखरेख मिशनऱ्यांकडे होती. ठराविक वेळी हजेरी, बाहेर जाण्यास परवाना, आणि कामास गिरणी. मुलांना शाळा मिळाली, काहींना कायमचा धंदा मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कुंपण ते कुंपणच.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. एका सरकारी हुकुमाने नगरवासीयांना पक्क्या घरांतून काढून झोपड्यांत पाठविले, कारण झोपडी आरोग्यास हितकर. काही वर्षांतच दुसऱ्या सरकारी हुकुमाने झोपडीवाल्यांना कुंपणात आणले, कारण झोपडी शांततेस अपायकारक. झोपडी तीच होती; वाकविलेली काठी, बांधलेला वाख व शाकारलेले गवत यांत तसूभर फरक नव्हता. फरक आत निजणाऱ्याच्या जातीत होता. ज्या हातांनी इतरांना आडोसा बांधून दिला त्यांच्याच आडोशाला गुन्ह्याची खूण मानण्यात आले, आणि सुशिक्षित समाजातून त्याविरुद्ध फारसा आवाज निघाला नाही. मुंबई प्रांतात १९४९ साली हा कायदा रद्द झाला. सर्व भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. कुंपणे निघाली. सेटलमेंट हे नाव मात्र सोलापूरच्या वस्तीला चिकटून राहिले आहे, आणि ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त जमाती आजही पाळतात.

तिसरी कसोटी अगदी अलीकडची. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास सोलापूरच्या ईशान्येस किल्लारी व सास्तूर या भागात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. धक्का मोठा होताच. परंतु इतकी माणसे गेली ती घरांच्या वजनाने. ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या रुंद भिंती, आणि वर दरवर्षी एकेक थर चढवून जड झालेले मातीचे धाबे. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे निजलेल्यांवर कोसळले. जेथे लाकडी खणांचा सांगाडा होता किंवा वर हलके छप्पर होते, तेथे जीव वाचण्यास अवसर मिळाला. मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत कोसळून संत चोखामेळ्यांचा अंत झाला, ही आठवण या भागात शतकानुशतके सांगितली जाते. जड भिंतीचे भय येथल्या मातीला नवे नव्हते. पण प्रतिष्ठा मात्र जड भिंतीलाच मिळत गेली.

आज या जिल्ह्यात खोप शोधू गेल्यास ती उसाच्या फडाशेजारी सापडेल. १९३२ साली माळीनगरचा साखर कारखाना निघाला, आणि पुढे कारखान्यांची संख्या वाढत जाऊन सोलापूर हा उसाचा जिल्हा झाला. दिवाळीच्या सुमारास बीड वगैरे जिल्ह्यांतून तोडणीची कुटुंबे येतात व कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला कोपी घालतात. बांबू कमानीसारखे वाकवून जमिनीत रोवावयाचे व त्यावर आच्छादन घालावयाचे. पूर्वी ते पाचटाचे व चटयांचे असे, हल्ली बहुधा प्लास्टिकच्या कागदाचे असते. गवत शाकारावे तर माळ उरले आहेत कोठे? पुष्कळ माळ नांगराखाली गेले, काही वस्तीखाली. नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, त्यामुळे काही गवताळ रान टिकले. प्लास्टिक पाणी अडविते, पण श्वास घेत नाही; दुपारी त्याखाली बसवत नाही आणि पहाटे आतून दहिवर गळते. त्या कोपीत बाळंतपणे होतात, मुलांची शाळा बुडते, आणि चार-सहा महिने गेल्यावर ती मोडून कुटुंब परत जाते.

म्हणून या निवाऱ्याची स्तुती करताना एक विवेक सोडता कामा नये. मेंढपाळाचे पाल, राखणदाराचा माळा, शेतकऱ्याची खोप ही विद्या आहे, आणि ती आदराने शिकण्यासारखी आहे. परंतु दुष्काळी कामावरची झोपडी, तारेमागची वस्ती आणि फडाकडेची कोपी ही विद्या नव्हे, ती लाचारी आहे. तिचे कौतुक करणे म्हणजे पक्क्या घरात बसून दुसऱ्याच्या थंडीचे वर्णन करण्यासारखे होय. काडीचे घर वाईट नाही. ते घालण्याची व सोडण्याची मुभा ज्याच्या हाती आहे त्याला ते घर आहे. ज्याच्या हाती ती नाही त्याला ते नुसते छप्पर.

सोलापूरच्या वेशीबाहेर सुगीच्या दिवसांत अजूनही एखाद्या शेतात माळा दिसतो, मेंढ्यांचा वाडा उतरलेला दिसतो. तो पाहून जाणाऱ्या नागरिकाने एवढे ध्यानात धरावे की प्लेगच्या वर्षी या शहराच्या कित्येक घराण्यांचा वंश अशाच चार काठ्यांखाली राहिला. ते ऋण ज्यांचे आहे, त्यांची मुले आज कोठे निजतात, हे विचारणे त्याच ऋणाचा भाग आहे.